दोन रकाने

सकाळी सव्वासातला, कपाळावरच्या दिव्यात
मी तळ्याला भोक पाडते.
गिरमिटाला हल्ली मोटर आहे, खांदे दुखत नाहीत.
काळं पाणी वर येतं, काठाशी थांबतं.
आकड्यांची पट्टी आत सोडते,
तिचा आकडा बर्फाच्या बुडाला अडकवते, वाचते.
एकेचाळीस.
बेटावरच्या नऊ घरांचा रस्ता उघडा.

त्याच पानावर दुसरा रकाना आहे.
तो सिर्क्कूने आखायला लावला.
आरोग्यकेंद्रातली नर्स, माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातली,
लहानपणी तिचं नाक मी पुसलंय.
"शून्य ते दहा," ती म्हणाली, "फार विचार करू नकोस, इर्या.
उठलीस की सुचेल तो."
मला सुचत नाही.
तळं कसं आहे विचार, सांगते.
माझं बूड कुठे आहे, पट्टी कशाला अडकवू?

गेल्या वसंतात अकरा दिवस मी अंथरुणात होते.
बर्फ फुटला होता, रस्ता तसाही बंद,
मला शोधायचं कुणाला कारणच नव्हतं.

पहिले तीन आठवडे मी सगळे पाच लिहिले.
पाच, पाच, पाच.
सिर्क्कूने वही उलटीसुलटी केली.
"असं तळं पाहिलंयस कधी?"

बर्फ दोन जातींचा असतो.
खालचा काळा, काचेसारखा, खरा.
वरचा पांढरा, हिम भिजून गोठलेला.
पांढरा अर्धाच धरायचा, असा नियम आहे:
दिसायला वीस, हिशेबात दहा.
मग मीही तसंच मोजायला लागले.
दुकानात हसले, अर्धं.
बहिणीला फोनवर "मजेत" म्हटलं, अर्धं.
कुत्र्याच्या मानेच्या केसांत बोटं घालून
चुलीपाशी बसले, कुणी बघत नसताना,
ते पूर्ण.

जानेवारीतल्या एका गुरुवारी
कचेरीला आकडा कळवताना
मी चुकीचा रकाना वाचला.
"तीन."
पलीकडचा पोरगा गप्प झाला.
"तीन? सेंटिमीटर?"
मी तोंड उघडेपर्यंत फाटक पडलं होतं,
लाल दिवा लागला होता,
बेटावर प्रत्येक फोन वाजला होता:
बर्फावर कुणीही पाऊल टाकू नये.
ओस्मोचा दुधाचा ट्रक काठावर धुरकत उभा.

तीनवर माणूससुद्धा उभा राहत नाही,
हे मला तीस वर्षं पाठ आहे.
आणि मी उभी होते.
बूट चढवून, गिरमिट हातात घेऊन,
तीनवर,
वरून ट्रक जाऊ देत.

"बावन्न," मी म्हटलं. "चुकले. बावन्न."
फाटक उघडलं.
ओस्मोने काच खाली घेतली.
"मग तीन कशाचे?"
वही दाखवायची नव्हती. दाखवली.
त्याने हातमोजा काढून बोटाने रकाना खाली खाली वाचला,
सामानाची पावती वाचतात तसा.
काही बोलला नाही.
परत येताना मात्र थांबला,
गिरमिट माझ्या हातातून घेतलं, शेडमध्ये नेऊन ठेवलं.
तेवढं वजन त्या दिवशी कमी.

आता चारच्या खाली गेले की मी फाटक पाडते.
सिर्क्कूला एकच शब्द, आकडा.
ती म्हणते, निघाले.
ती येईतो मी स्वतःवर काहीच चढवत नाही,
भांडीसुद्धा नाहीत.
भांडी राहतात, बाई. तळ्यात कुणी गेलं नाही ना, एवढं बघायचं.

एप्रिल. दिवा लागत नाही सकाळी.
आज: एकसष्ट.
आणि साडेपाच.
वरचं अर्धं कशाचं, विचारू नका.
भोकात एक मासा आला होता,
माझ्याकडे बघून गेला.